साखर एकटी आत येत नाही

जिभेवर साखर विरघळली की ती शरीरात गेली असं आपण धरून चालतो. गिळली म्हणजे तर गेलीच. पण शरीराच्या हिशेबाने ती अजून बाहेरच असते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबच लांब पोकळी आपल्या आरपार गेलेली आहे आणि त्या पोकळीत जे काही पडलेलं असतं, ते आपलं झालेलं नसतं. लहान मुलाने चुकून गिळलेलं नाणं दोन-चार दिवसांत जसंच्या तसं बाहेर पडतं, कारण ते खऱ्या अर्थाने आत कधी गेलेलंच नसतं. अन्नाचंही तेच. पोटात गेलं म्हणून अंगाला लागलं असं होत नाही. त्याला एक हद्द ओलांडावी लागते, आणि साखरेपुरतं बोलायचं तर ती हद्द लहान आतड्याच्या भिंतीवर आहे.

शाळेच्या पुस्तकात या हद्दीवर एखादं वाक्य असतं: साध्या शर्करा लहान आतड्यात रक्तात शोषल्या जातात. शेजारी आतड्याचं वेटोळं काढलेलं चित्र, त्यावर बाण, आणि धडा पुढे सरकतो. मला हे वाक्य फार वर्षं पुरेसं वाटत होतं. टीपकागद शाई टिपतो तसं काहीतरी चित्र मनात होतं. आता वाटतं, त्या एका वाक्यात जे गडप झालंय ते सगळ्यांना माहीत असायला हवं. कारण त्यातल्या एका बारकाव्यावर आजवर लाखो मुलांचे जीव वाचलेले आहेत.

आधी ती भिंत बघू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली लहान आतड्याचा काप पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ मान वर केली नव्हती. गुलाबी रंगवलेले, बोटांसारखे उभे उंचवटे, एकाला लागून एक. हेच व्हिलाय. प्रत्येकाची उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. त्यांच्या कडेकडेने पेशींची एकच रांग होती, प्रत्येक पेशीत खालच्या बाजूला निळसर जांभळं केंद्रक, आणि मधूनमधून रिकाम्या बुडबुड्यांसारख्या फिकट पेशी. त्या चिकट श्लेष्मा तयार करणाऱ्या. भिंग बदलून अजून जवळ गेल्यावर पेशींच्या वरच्या कडेला एक अस्पष्ट, केसाळ पट्टी दिसली. ती पट्टी म्हणजे मायक्रोव्हिलाय. एकेका पेशीच्या माथ्यावर ते काही हजार असतात आणि प्रत्येकाची उंची मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते सुटे दिसत नाहीत, नुसती मऊ झालर दिसते.

त्या पेशींच्या एका बाजूला अन्नाचा रस आणि दुसऱ्या बाजूला, अगदी खेटून, रक्ताच्या केशवाहिन्या. मध्ये पेशींचा एकच थर. जगातलं जे जे आपण खातो-पितो आणि आपण स्वतः, यांच्यात इतकंच अंतर आहे. या पेशीही फार टिकत नाहीत. व्हिलायच्या मुळाशी, खोलगट खड्ड्यांत त्या जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत टोकाशी पोचून गळून पडतात. मागच्या आठवड्यात आपलं जेवण आत घेणाऱ्या पेशी आज आपल्यात नाहीत.

लहान आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, हे विधान खूप ठिकाणी वाचायला मिळतं. ते आता मागे पडलंय. २०१४ साली स्वीडनच्या हेलँडर आणि फँड्रिक्स या संशोधकांनी नव्याने मोजमाप मांडलं, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाच्या आतल्या अस्तराचा पृष्ठभाग साधारण ३२ चौरस मीटर भरला आणि त्यातला बहुतेक वाटा लहान आतड्याचा निघाला. एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीच्या जमिनीएवढा. मला हा आकडा जास्त आवडतो. एवढ्याशा पोटात एवढं अस्तर घड्या घालून मावतं, हे पुरेसं नवलाचं आहे. मैदानाची गरज नाही.

आता साखर. आपण खातो त्या बऱ्याचशा साखरा जोडलेल्या असतात. धान्यातला, कंदातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी. नेहमीची दाणेदार साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, दुधातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची. लाळेतलं आणि मग स्वादुपिंडातलं अमायलेज हे विकर स्टार्चची साखळी तोडतं, पण शेवटपर्यंत नाही. त्याच्या हातून दोन-दोन, तीन-तीन ग्लुकोजचे तुकडे उरतात, शिवाय फांद्या फुटलेले काही जाडे तुकडे. असा जोडलेला एकही तुकडा हद्द ओलांडू शकत नाही. शेवटची तोड होते ती थेट हद्दीवरच. मायक्रोव्हिलायच्या पापुद्र्यातच काही विकरं रोवलेली असतात, त्यांचं एक टोक पेशीत अडकलेलं आणि कापणारं टोक बाहेर रसात. दाणेदार साखरेची जोडी तोडणारं सुक्रेज तिथेच, दुधाची साखर तोडणारं लॅक्टेजही तिथेच. तोड झाली की सुटा रेणू ज्या जागी मोकळा होतो, तिथून त्याला आत नेणारं प्रथिन हाकेच्या अंतरावर असतं. शिवाय गोडवा आधीच सगळीकडे मोकळा सुटत नाही, दाराशी आल्यावरच सुटतो. पोकळीत आधीपासून मोकळी साखर तरंगत राहिली असती तर तिने पाणी ओढलं असतं आणि जंतूंचीही चंगळ झाली असती. या रचनेचा विचार करताना मला दर वेळी समाधान वाटतं.

एवढं होऊन हाती उरतात तीन साध्या शर्करा: ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज. आणि इथे खरी अडचण सुरू होते.

पेशीचं आवरण मेदाचं असतं. ग्लुकोजला पाणी प्रिय. मेदातून तो स्वतःहून पार होत नाही, त्याला वाट करून देणारं कुणीतरी लागतं. नुसती वाट मोकळी ठेवली, तर दोन्ही बाजूंची पातळी सारखी होईपर्यंतच साखर आत येईल आणि उरलेली बाहेरच राहील. पण आपलं शरीर ग्लुकोजचा शेवटचा अंशही सोडत नाही. आतड्यातल्या रसात ग्लुकोज अगदी विरळ उरला आणि पेशीच्या आत तो जास्त असला, तरी आत ओढणं चालूच राहतं. चढावर ढकलत नेल्यासारखं. मग हा चढ चढायला लागणारा जोर येतो कुठून?

मिठातून. म्हणजे मिठातल्या सोडियममधून.

पेशीच्या बाहेरच्या द्रवात सोडियम भरपूर, लिटरमागे साधारण १४० मिलिमोल (मिलिमोल हे रेणू-आयनांची संख्या मोजायचं एकक), आणि पेशीच्या आत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय पेशीची आतली बाजू किंचित ऋणभारित, म्हणजे धनभारित सोडियमला आत खेचणारी. दोन्ही कारणांनी सोडियमला आत यायची घाई असते. मायक्रोव्हिलायवर एसजीएलटी-१ नावाचं एक प्रथिन या घाईचा वापर करून घेतं. त्याची रचना दोन दारं असलेल्या चिंचोळ्या खोलीसारखी आहे: एक दार उघडं असेल तर दुसरं बंदच. बाहेरचं दार उघडं असताना सोडियमचे दोन आयन आत येऊन बसतात. ते बसले की ग्लुकोजची जागा तयार होते. ग्लुकोज बसला की बाहेरचं दार मिटतं, आतलं उघडतं आणि तिघंही पेशीत सुटतात. मग रिकामी खोली पुन्हा बाहेरच्या बाजूला उघडते. सोडियम नसेल तर ग्लुकोज दाराशी ताटकळतो. साखर एकटी आत येत नाही, ती मिठाच्या सोबतीने येते. गॅलॅक्टोजही याच वाटेने येतो.

पण असा सोडियम आत येत राहिला तर आत-बाहेरचा फरकच संपेल. तो संपू नये म्हणून पेशीच्या मागच्या अंगाला, रक्ताच्या बाजूला, एक पंप अखंड चालतो. सोडियमचे तीन आयन बाहेर, पोटॅशियमचे दोन आत, आणि दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला. म्हणजे साखर आत आणणारं प्रथिन स्वतः एटीपी खर्च करत नाही. खर्च मागच्या दारी होतो आणि त्यावर पुढच्या दारी काम निघतं. खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा मिळते हे आपण नेहमी म्हणतो. पण ते अन्न आत घ्यायलाही आधी ऊर्जा मोजावी लागते, हे मला माहीत झालं तेव्हा जेवणानंतरच्या शांत बसण्याकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. बाहेरून आपण निवांत असतो, आत मात्र भिंतीवर केवढी मेहनत चाललेली असते.

सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडगोळी पहिल्यांदा कागदावर उतरली ती ऑगस्ट १९६० मध्ये, प्रागमधल्या एका परिषदेत. रॉबर्ट क्रेन नावाचे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ तिथे आले होते. त्याआधी बऱ्याच जणांचा समज असा होता की ग्लुकोजला फॉस्फेट जोडून, त्याचं रूप बदलूनच पेशी त्याला आत घेते. क्रेन यांनी आधीच दाखवलं होतं की ज्यांना तसा फॉस्फेट जोडताच येणार नाही अशा मुद्दाम बदललेल्या शर्कराही आतडं तितक्याच जोमाने आत ओढतं. मग तो समज टिकेना. दरम्यान १९५८ मध्ये रिक्लिस आणि क्वास्टेल यांनी गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की भोवतालच्या द्रवातला सोडियम काढून घेतला की साखरेचं शोषण मंदावतं. सोडियम लागतो हे कळलं होतं, कशाला लागतो हे नव्हतं. क्रेन यांनी प्रागमध्ये आतड्याच्या पेशीचं एक साधं रेखाटन केलं: माथ्यावर सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकावरून जोडीने आत, आणि सोडियम बाहेर फेकणारा पंप वेगळा. एका पदार्थाच्या उतरणीवर दुसऱ्याला चढवायचं, ही कल्पना जीवशास्त्रात तोवर अशी कुणी मांडलेली नव्हती. आज ती मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळीकडे लागू पडलेली दिसते.

रेखाटनातला तो वाहक प्रत्यक्ष हाती लागायला मात्र सत्तावीस वर्षं गेली. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नेस्ट राइट यांच्या गटाने सशाच्या आतड्यातला आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप, बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि कुठल्या अंशामुळे ते अंडं साखर आत ओढायला लागतं हे शोधत शोधत त्याचं जनुक वेगळं काढलं. बेडकाच्या अंड्याला आतड्याचं काम करायला लावणं! विज्ञानातल्या युक्त्यांमध्ये ही माझी विशेष आवडती.

फ्रुक्टोजची तऱ्हा वेगळी. त्याच्यासाठी ग्लूट-५ नावाची दुसरी वाट आहे आणि तिला सोडियमची सोबत लागत नाही. पण चढावर खेचण्याची ताकदही नाही. जिकडे दाट तिकडून जिकडे विरळ तिकडे, एवढंच. म्हणून एका वेळी खूप फ्रुक्टोज आला तर सगळा आत येत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात आणि पोट फुगतं, गुडगुडतं. किती फ्रुक्टोज झेपतो हे माणसागणिक बदलतं, आणि सोबत ग्लुकोज असला तर तो जास्त झेपतो. दुधाच्या साखरेची गोष्ट अजून निराळी: तिथे वाट ठीक असते, तोडणारं लॅक्टेज कमी पडतं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये बालपणानंतर ते कमी होतं. त्याला आजार म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. माणसांमध्ये तीच अधिक सामान्य स्थिती आहे.

पेशीच्या आत आलेल्या तिन्ही शर्करा मागच्या अंगाच्या ग्लूट-२ या वाटेने रक्तात उतरतात आणि एका मोठ्या शिरेतून सरळ यकृताकडे जातात. शरीराच्या इतर भागांना मिळण्याआधी सगळी आवक यकृताच्या नजरेखालून जाते. पण त्याच्याही आधी आतडं स्वतः बातमी धाडून मोकळं झालेलं असतं. १९६४ मध्ये असं दिसून आलं की तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजला शरीर जितकं इन्शुलिन सोडतं, तितकं शिरेतून थेट दिलेल्या ग्लुकोजला सोडत नाही. मधली कडी आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही खास पेशींची आहे. साखर आत शिरताना त्यांना सुगावा लागतो आणि त्या जीआयपी, जीएलपी-१ ही संप्रेरकं रक्तात सोडतात. सुगावा लागतो तो बहुतांशी त्याच एसजीएलटी-१ च्या जाण्यायेण्यातून. मधुमेहावर आणि वजनावर दिली जाणारी, हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेली इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

हे सगळं मी आवडीने वाचत होते. पण जिच्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट पुढे आहे.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गमावून. जंतूचं विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर फेकत राहायला लावतं, त्यामागे सोडियम जातो, त्यामागे पाणी. गंभीर रुग्णात तासाला अर्धा ते एक लिटर. तोंडाने पाणी पाजावं तर ते तसंच वाहून जातं. पूर्वी असं मानलं जाई की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं. मग तोंडाने काही देऊन उपयोग काय? सलाईन हाच उपाय उरे, आणि साथीच्या ऐन भरात हजारो माणसांना पुरेल इतकं सलाईन कुठेच नसे. १९६० च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले तेव्हा अस्तर शाबूत दिसलं. आणि शाबूत अस्तरावर एसजीएलटी-१ ही शाबूत होतं. विष पाणी बाहेर सोडायचं दार उघडं टाकतं, पण साखर-मिठाची आत येण्याची वाट बंद करत नाही. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र दिलं, तर ती जोडी आत जाते आणि तिच्यामागे पाणीही जातं.

कोलकात्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन बरं केल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तेव्हा त्यामागचं कारण सांगता येत नव्हतं आणि जगाने तिकडे पाहिलं नाही. मला याची खंत वाटते. कारण माहीत नाही म्हणून गुण आलेला दिसत असूनही उपाय मागे ठेवायचा, ही वैद्यकातली शिस्त समजते. पण मधल्या पंधरा वर्षांत गेलेल्या माणसांचा विचार केला की ती शिस्त फार महाग पडली असं वाटतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मोजूनमापून दाखवलं की तोंडाने दिलेल्या द्रावणामुळे सलाईनची गरज कितीतरी कमी होते.

मग १९७१ आलं. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनोबीस काम करत होते. जमिनीवर माणसं झोपलेली, सलाईन संपत आलेलं. त्यांनी ठरवलं की आता तोंडानेच पाजायचं. कोलकात्यात पाकिटं तयार झाली: लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवून बंद केल्या जात. रुग्णालयात ते द्रावण पिंपांत ठेवत आणि पिंपाच्या तोटीखाली पेला धरून नातेवाईकच आपल्या माणसाला पाजत. आईने, भावाने, नवऱ्याने. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमध्ये ते ३.६ टक्क्यांवर आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात लिहिलं की लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोजची वाहतूक जोडलेली असते हा शोध कदाचित या शतकातली वैद्यकातली सर्वांत महत्त्वाची प्रगती ठरेल. कौतुक औषधाचं नव्हतं, त्या जोडीचं होतं. महालनोबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. तोवर त्यांचं नाव किती घरांत माहीत होतं, हा प्रश्न मला छळतो.

माझी मुलगी लहान असताना तिला एकदा उलट्या-जुलाब झाले. रात्रभर मी मांडीवर तिचं डोकं घेऊन, वाटीत जलसंजीवनी, म्हणजे तेच साखर-मिठाचं पाणी, घेऊन बसले होते. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. ओठ कोरडे, जीभ पांढरट, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सुरकुती जागच्या जागी रेंगाळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उलटी झाली तरी घाबरू नका, दहा मिनिटं थांबा आणि परत चमच्याने सुरू करा, घाई करू नका. चमचा, थोडं थांबणं, पुन्हा चमचा. “आई, नको ना,” ती म्हणायची आणि मी म्हणायचे, “एवढाच, बाळा.” आत काय चाललंय हे तेव्हाही मला माहीत होतं आणि त्या माहितीचाच मोठा आधार होता. दिलेला प्रत्येक घोट वाया जातोय असं वरून दिसत होतं. तरी मला ठाऊक होतं की त्यातला काही भाग भिंतीशी पोचतोय आणि तिथे मिठासोबत साखर, साखरेमागे पाणी, असं आत शिरतंय. पहाटे तिने लघवी केली. एवढ्या आनंदाने मी कधी चादर बदलली नाही.

या पाण्यात साखर किती असावी यावर पुढेही बराच अभ्यास झाला. जुन्या द्रावणात लिटरमागे १११ मिलिमोल ग्लुकोज आणि ९० मिलिमोल सोडियम असे, आणि सगळं मिळून ते रक्तापेक्षा किंचित दाट पडे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बदललं. आता दोन्ही ७५-७५ मिलिमोल, आणि द्रावण रक्तापेक्षा पातळ. वजनात सांगायचं तर लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. नव्या प्रमाणाने जुलाबाचं प्रमाण घटलं, उलट्या घटल्या आणि नंतर सलाईन लावायची पाळी कमी वेळा आली. यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चव लागत नाही म्हणून वरून साखर घालू नये, किंवा पाकिटाला लागणाऱ्या पाण्यापेक्षा कमी पाणी घेऊ नये. वाहकाला जेवढी साखर पेलते त्यापेक्षा जास्त दिली तर उरलेली आतड्यातच पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी बाहेर ओढते. फळांचे गोड रस आणि बाटलीतली गोड पेयं जुलाबात चालत नाहीत ती याच कारणाने: साखर भरमसाट, मीठ नावालाही नाही.

आणि काही बाळांच्या बाबतीत हे प्रमाणसुद्धा कामाचं नाही. फार विरळा, पण अशी बाळं जन्मतात ज्यांचं एसजीएलटी-१ च चालत नाही. १९६२ मध्ये स्वीडन आणि फ्रान्समधून अशा बाळांची पहिली वर्णनं आली. जन्मल्यावर पहिलं दूध पाजलं की काही दिवसांत पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. आईच्या दुधातली साखर फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजच निघतात, आणि नेमके हे दोघंच त्या बाळाला आत घेता येत नाहीत. जे दूध इतर प्रत्येक बाळाला वाढवतं तेच याला सुकवत जातं, आणि जलसंजीवनीतला ग्लुकोज दिला तर जुलाब अजून वाढतात. आईला वाटत असेल की आपलंच काही चुकतंय. १९९१ मध्ये राइट यांच्या गटाने अशा एका कुटुंबात जनुकातला बिघाड नेमका दाखवला: एका अक्षराचा फरक, त्यामुळे प्रथिनातला एक घटक वेगळा. निदान वेळेत झालं तर उपाय मात्र आहे. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही काढून टाकलेलं, फ्रुक्टोज घातलेलं दूध दिलं की जुलाब थांबतात आणि बाळाचं वजन भरायला लागतं. त्याच्या आतड्यात ग्लूट-५ ची वाट धडधाकट असते.